नौवहनयोग्य नद्या, पश्चिम अमेरिकेतील

ज्या नदीतून माणसे व माल यांची ने-आण करता येते, तिला व्यवहारात नौवहनयोग्य नदी म्हणतात. विधीच्या दृष्टीने मात्र ही संज्ञा इतकी सोपी नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एखादी नदी नौवहनयोग्य ठरली, तर तिच्या तळाची मालकी, तिच्यावर धरण बांधण्यासाठी लागणारी अनुज्ञा, तसेच तिच्या पाण्यावरून होडी नेण्याचा व तिच्या पात्रात उभे राहून मासे धरण्याचा जनतेचा हक्क या सर्वांवर त्याचा परिणाम होतो. देशाच्या पूर्व भागातील संथ व खोल नद्यांच्या बाबतीत हा प्रश्न बहुधा सहज सुटतो. रॉकी पर्वत व त्याच्या पलीकडील प्रदेशातील अनेक नद्या मात्र खोल निदऱ्यांतून (अरुंद घळ्यांतून) आणि द्रुतवाहांवरून (खळाळांवरून) वाहतात. वसंत ऋतूत बर्फ वितळू लागले, की त्यांना पूर येतो आणि उन्हाळ्याच्या अखेरीस त्यांपैकी कित्येकींत गुडघाभरच पाणी उरते. त्यांच्यावर मोठा व्यापार फारसा चालला नाही. तथापि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्या निसर्गसौंदर्यामुळे हजारो प्रवासी पैसे मोजून त्यांच्यावरून रबरी तराफ्यांतून प्रवास करू लागले. अशा नद्या व्यापाराच्या दृष्टीने नौवहनयोग्य मानाव्यात काय, हा प्रश्न अमेरिकेतील न्यायालयांपुढे वारंवार आला आहे. त्याला एकच उत्तर मिळालेले नाही; कारण हे उत्तर नदीच्या स्वरूपाइतकेच, तो प्रश्न कशासाठी व कोणत्या काळासंबंधी विचारला आहे, यावर अवलंबून असते.

इंग्लिश परंपरा व अमेरिकेतील परिवर्तन : इंग्लंडच्या रूढिविधीनुसार भरतीचे पाणी जेथवर पोहोचते, तेथवरच्या नदीचा तळ राजसत्तेच्या मालकीचा मानला जाई. त्यावरच्या भागात तळ काठच्या जमीनधारकांचा असे; मात्र प्रवाह वाहतुकीस उपयोगी असेल, तर त्यावरून जाण्याचा हक्क जनतेला असे. १२१५ च्या मॅग्ना कार्टा या सनदेत टेम्स व इतर नद्यांतील मासेमारीचे बांध काढून टाकण्याचे कलम आहे. त्यावरून नदी हा सार्वजनिक मार्ग असल्याची कल्पना किती जुनी आहे, हे दिसून येते. इंग्लंडमधील नद्या आखूड असून त्यांवरील बरीचशी मोठी वाहतूक भरतीच्या टप्प्यातच चाले. त्यामुळे भरतीची ही कसोटी तेथे सोयीची होती.

अमेरिकेत ही कसोटी तोकडी पडली. मिसिसिपी नदी व तिच्या उपनद्या समुद्राच्या भरतीपासून शेकडो किलोमीटर आत नौवहनास उपयुक्त आहेत. पंचमहासरोवरांना तर भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. १७८७ च्या वायव्य प्रदेशाच्या अध्यादेशाने मिसिसिपी व सेंट लॉरेन्स या नद्यांना मिळणारे नौवहनयोग्य प्रवाह आणि त्यांच्या दरम्यान होड्या जमिनीवरून वाहून नेण्याच्या वाटा कायमच्या खुल्या राहतील, असे घोषित केले होते. १८०७ मध्ये रॉबर्ट फुल्टनची आगबोट हडसन नदीवर यशस्वी झाल्यानंतर प्रवाहाविरुद्ध माल नेणेही शक्य झाले. गिबन्स विरुद्ध ऑग्डेन (१८२४) या खटल्यात सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी आंतरराज्य व्यापारात नौवहनाचा समावेश होतो, असा निर्णय दिला; त्यामुळे नद्यांवरील वाहतुकीचे नियमन करण्याचा काँग्रेसचा अधिकार प्रस्थापित झाला. नौविषयक खटले चालविण्याच्या संघीय न्यायालयांच्या अधिकारितेला मात्र सर्वोच्च न्यायालयाने १८२५ मध्ये भरतीचीच मर्यादा घातली होती. ती १८५२ मध्ये सरन्यायाधीश रॉजर टॉनी यांनी ऑन्टॅरिओ सरोवरातील जहाजांच्या टकरीविषयीच्या खटल्यात सोडून दिली. भरतीचा प्रश्न मागे पडून नदी प्रत्यक्षात वाहतुकीस योग्य आहे की नाही, हा प्रश्न पुढे आला.

नौवहनयोग्यतेची कसोटी : या प्रश्नाचे प्रमाण मानले गेलेले उत्तर डॅनियल बॉल या आगबोटीच्या खटल्यात (१८७१) सापडते. ही बोट मिशिगन राज्यातील ग्रँड नदीवर ग्रँड रॅपिड्स व ग्रँड हेवन या गावांच्या दरम्यान चालत असे. तिच्याजवळ संघीय कायद्यानुसार आवश्यक असलेला परवाना नव्हता. ग्रँड नदी एकाच राज्यात वाहत असल्याने संघीय कायदा आपणास लागू नाही, असे बोटीच्या मालकांचे म्हणणे होते. न्यायालयाने ते अमान्य केले. एखादी नदी आपल्या सर्वसाधारण स्थितीत, त्या काळातील रूढ साधनांनी चालणाऱ्या व्यापारासाठी व प्रवासासाठी मार्ग म्हणून वापरली जात असेल किंवा तशी वापरता येण्याजोगी असेल, तर ती वस्तुतः नौवहनयोग्य होय, आणि जी वस्तुतः नौवहनयोग्य, ती विधीच्या दृष्टीनेही नौवहनयोग्य होय, असे तत्त्व न्यायमूर्ती स्टीव्हन फील्ड यांनी मांडले. ग्रँड नदी मिशिगन सरोवरास मिळून इतर राज्यांशी सलग जलमार्ग निर्माण करीत असल्याने तिच्यावर संघीय नियमन चालते, असा निष्कर्ष त्यातून निघाला.

या व्याख्येतील प्रत्येक शब्द पुढील दीड शतकात वादाचा विषय झाला. ‘सर्वसाधारण स्थिती’ म्हणजे अपवादात्मक पूर नव्हे आणि धरणांनी बदललेला प्रवाहही नव्हे. ‘वापरता येण्याजोगी’ या शब्दांमुळे प्रत्यक्ष वापराचा पुरावा नसला, तरी नदीची क्षमता सिद्ध करता येते. ‘रूढ साधने’ म्हणजे केवळ आगबोटी नव्हेत, हे माँटेलो खटल्यात (१८७४) स्पष्ट झाले. विस्कॉन्सिनमधील फॉक्स नदीत द्रुतवाह असूनही सुधारणांपूर्वी तिच्यावर लांबट, सपाट तळाच्या होड्यांनी व्यापार चालत असे आणि मध्येच माल जमिनीवरून वाहून न्यावा लागे. तरीही न्यायालयाने ती नौवहनयोग्य ठरविली. वापर किती व कोणत्या प्रकारे होतो यापेक्षा वापराची क्षमता महत्त्वाची, असे या निर्णयाचे सार आहे. तथापि शिकारीची किंवा मासेमारीची लहानशी होडी तरंगते एवढ्यावरून प्रत्येक ओढा नौवहनयोग्य ठरत नाही, हेही त्यात बजावले आहे. रिओ ग्रँदे नदीसंबंधीच्या खटल्यात (१८९९) हीच मर्यादा निर्णायक ठरली : न्यू मेक्सिकोच्या हद्दीत पुराच्या वेळी अधूनमधून ओंडके वाहून आणले जात, एवढ्यावरून तेथील प्रवाह नौवहनयोग्य होत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

तळाच्या मालकीचा प्रश्न : नियमनाच्या अधिकाराहून वेगळा असा दुसरा प्रश्न नदीच्या तळाच्या मालकीचा आहे. स्वातंत्र्यानंतर मूळच्या तेरा राज्यांकडे इंग्लंडच्या राजसत्तेचे नौवहनयोग्य पाण्याखालील जमिनीवरील हक्क आले. पोलार्ड विरुद्ध हेगन (१८४५) या अलाबामातील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले, की नंतर संघराज्यात आलेली राज्येही मूळ राज्यांच्या बरोबरीची असल्याने त्यांनाही हे हक्क प्रवेशाच्या क्षणीच मिळतात. यालाच समपदाचा सिद्धांत म्हणतात. त्यामुळे पश्चिमेकडील प्रत्येक नदीच्या बाबतीत एक विशिष्ट दिनांक महत्त्वाचा ठरतो : कॅलिफोर्निया १८५०, ऑरेगन १८५९, कोलोरॅडो १८७६, माँटॅना १८८९, आयडाहो व वायोमिंग १८९०, यूटा १८९६, ॲरिझोना व न्यू मेक्सिको १९१२ आणि अलास्का १९५९. त्या दिवशी नदी नौवहनयोग्य असेल, तर तळ राज्याचा झाला आणि राज्य तो जनतेसाठी विश्वस्त या नात्याने धारण करते. ती तशी नसेल, तर तळ संघशासनाकडे राहिला व काठची जमीन खाजगी व्यक्तींना देताना बहुधा त्यांच्याकडे गेला. हा प्रश्न राज्याच्या नव्हे, तर संघीय विधीनुसार सोडवावयाचा असतो, असेही न्यायालयाने नंतर स्पष्ट केले.

नदीचा तळ म्हणजे केवळ वाळू व गोटे नव्हेत. १९२० नंतरच्या काळात पात्राखाली खनिज तेल असण्याच्या शक्यतेने या वादांना धार आली. ओक्लाहोमा विरुद्ध टेक्सस (१९२२) या खटल्यात रेड नदीच्या तेलयुक्त तळाचा प्रश्न होता. ओक्लाहोमाच्या पश्चिम भागात ही नदी रुंद, उथळ व वाळूने भरलेली असून मोठ्या पुराच्या थोड्या दिवसांतच होड्यांना उपयोगी पडते, म्हणून ती तेथे नौवहनयोग्य नाही, असा निर्णय झाला व त्या तळावरील राज्याचा नौवहनाधारित हक्क नष्ट झाला.

या सिद्धांताचा फटका मूळ रहिवाशांनाही बसला. क्रो जमातीच्या राखीव प्रदेशातून बिगहॉर्न नदी वाहते. करारांनी हा प्रदेश आपणास मिळाला असल्याने नदीचा तळही आपलाच, असे जमातीचे म्हणणे होते. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळून तळ माँटॅना राज्याकडे गेल्याचे ठरविले. याउलट आयडाहोतील कर-द-लेन सरोवराच्या दक्षिण भागाचा तळ त्याच नावाच्या जमातीसाठी संघशासनाने राज्याच्या प्रवेशापूर्वीच राखून ठेवला होता, असा निर्णय २००१ मध्ये झाला.

पश्चिमेकडील नद्यांवरील वाहतूक : या नद्यांवर व्यापार मुळीच नव्हता, असे म्हणता येत नाही; मात्र तो बहुधा मोसमी, एकाच दिशेने चालणारा व अल्प प्रमाणात होता. कोलोरॅडो नदीच्या खालच्या टप्प्यात १८५२ पासून यूमा येथील लष्करी ठाण्यास रसद पुरविण्यासाठी आगबोटी चालू झाल्या व १९०९ मध्ये लगूना धरणाने मार्ग अडेपर्यंत त्या कमीअधिक प्रमाणात चालत राहिल्या. याच नदीचा वरचा भाग मात्र वेगळ्या स्वरूपाचा आहे. जॉन वेस्ली पॉवेल यांची तुकडी २४ मे १८६९ रोजी ग्रीन नदीवरून दहा माणसे व चार होड्या घेऊन निघाली. ग्रँड कॅन्यनमधून ३० ऑगस्ट रोजी व्हर्जिन नदीच्या मुखाशी पोहोचलेल्यांची संख्या सहाच होती. एक होडी वाटेत फुटली, एक जण आधीच परतला, तर सोडून गेलेले तिघे मारले गेले. आयडाहोतील सॅमन नदीवर खाणी व वसाहती यांसाठी लागणारा माल सपाट तळाच्या मोठ्या लाकडी होड्यांतून खाली नेला जाई. प्रवाहाविरुद्ध त्या परत आणता येत नसल्याने मुक्कामी पोहोचल्यावर मोडून त्यांचे लाकूड वापरले जाई. ऑरेगनमधील रोग नदीवर गोल्ड बीच ते ॲग्नेस या मार्गावर १८९५ पासून टपालाच्या होड्या चालत आल्या. यूटामधील वेबर नदीतून वसंतातील वाढत्या पाण्याबरोबर लोहमार्गाच्या स्लीपरांसाठी लाकूड वाहून आणले जाई. अशा वाहतुकीला ‘रूढ साधनांनी चालणारा व्यापार’ म्हणावे की नाही, हाच पुढील खटल्यांचा गाभा होय.

१९३१ चे दोन निर्णय : कोलोरॅडो नदीविषयीचे दोन महत्त्वाचे निर्णय १९३१ च्या एप्रिल व मे महिन्यांत दिले गेले. त्यांतील संघशासनाच्या भूमिका परस्परविरुद्ध दिसतात. युनायटेड स्टेट्स विरुद्ध यूटा या दाव्यात तेलाचे पट्टे देण्याचा हक्क कोणाचा, हा प्रश्न होता. ग्रीन, कोलोरॅडो व सॅन वॉन या नद्या यूटात नौवहनयोग्य नाहीत, म्हणून तळ आपला, असे संघशासनाचे प्रतिपादन होते. न्यायालयाने नेमलेले विशेष अधिकारी चार्ल्स वॉरन यांनी पुरावा गोळा करून नद्यांचे टप्पे वेगवेगळे तपासले. सरन्यायाधीश चार्ल्स एव्हान्स ह्यूज यांच्या निर्णयानुसार ग्रीन नदीचा व कोलोरॅडोचा द्रुतवाहरहित भाग नौवहनयोग्य ठरला, कॅटरॅक्ट कॅन्यनमधील द्रुतवाहांचा भाग ठरला नाही. सॅन वॉन नदीही तशी ठरली नाही. या प्रदेशात वस्तीच विरळ होती, म्हणून व्यापार झाला नाही. व्यापार झाला नाही यावरून नदी अयोग्य होती असे सिद्ध होत नाही, हा या निर्णयातील सर्वांत दूरगामी विचार होय. सरकत्या वाळूच्या दांड्यांनी अडचण होते, परंतु तेवढ्याने योग्यता नाहीशी होत नाही, असेही त्यात म्हटले आहे.

ॲरिझोना विरुद्ध कॅलिफोर्निया या दुसऱ्या दाव्यात ॲरिझोनाने बोल्डर (आताचे हूव्हर) धरणाला विरोध केला होता. १९२८ च्या अधिनियमात पूरनियंत्रणाबरोबर नौवहनाची सुधारणा हाही धरणाचा हेतू नमूद केला होता. तो केवळ निमित्तमात्र आहे, असे ॲरिझोनाचे म्हणणे होते. न्यायमूर्ती लुई ब्रँडाइस यांनी कोलोरॅडोचा खालचा भाग नौवहनयोग्य असल्याची न्यायालयीन नोंद घेतली आणि काँग्रेसच्या हेतूंची छाननी करण्याचे नाकारून अधिनियम वैध ठरविला. आगबोटींची वाहतूक वीसहून अधिक वर्षांपूर्वी बंद पडलेल्या नदीवर नौवहनाच्या नावाने ते महाकाय धरण उभे राहिले. आगबोटींचा व्यापार मात्र पुन्हा सुरू झाला नाही. नियमनाच्या संदर्भात न्यायालय किती उदार असते आणि मालकीच्या संदर्भात टप्प्याटप्प्याने किती काटेकोरपणे पुरावा तपासते, हे या दोन निर्णयांच्या तुलनेने स्पष्ट होते. न्यू नदीविषयीच्या १९४० च्या निर्णयाने हे अंतर आणखी वाढविले. वाजवी सुधारणा केल्यावर नदी नौवहनयोग्य होऊ शकत असेल, तर संघीय नियमनासाठी तेवढे पुरेसे आहे, असे त्यात ठरले; मालकीच्या प्रश्नात मात्र नदीची नैसर्गिक स्थितीच पाहिली जाते.

पर्यटन हा व्यापार आहे काय? : ग्रँड कॅन्यनमधून प्रवाशांना शुल्क आकारून नेण्याचा व्यवसाय नॉर्मन नेव्हिल्स यांनी १९३८ मध्ये सुरू केला. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याचे उरलेले रबरी तराफे स्वस्तात मिळू लागले आणि १९७२ पर्यंत या मार्गाने वर्षाला सोळा हजारांहून अधिक लोक जाऊ लागले. प्रवाशांना पैसे घेऊन नेणे हाही व्यापारच आहे, या युक्तिवादाला १९८९ मध्ये अलास्कातील गुलकाना नदीच्या खटल्यात संघीय अपील न्यायालयाने मान्यता दिली. ही नदी १९८० मध्ये संरक्षित निसर्गरम्य नद्यांच्या यादीत आली होती. तिच्यावर वाटाड्यांच्या सोबतीने मासेमारी व सहल करणाऱ्यांची ने-आण चालत असे. हा उत्पन्न देणारा व्यवसाय असून त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या होड्या १९५९ च्या सुमारास प्रचलित असलेल्या होड्यांहून फार वेगळ्या नाहीत, म्हणून त्यावरून नदीची त्या वेळची योग्यता सिद्ध होते, असे न्यायालयाने म्हटले. त्यापूर्वी १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्रेट सॉल्ट सरोवर नौवहनयोग्य ठरविताना पशुपालकांनी आपलीच जनावरे होड्यांतून नेल्याचा पुरावाही ग्राह्य मानला होता. व्यापाराची कल्पना अशा रीतीने हळूहळू विस्तारत गेली.

या विस्ताराला २०१२ मध्ये मर्यादा पडली. माँटॅनातील शाळकरी मुलांच्या काही पालकांनी २००३ मध्ये असा दावा केला होता, की जलविद्युत्‌केंद्रे ज्या नदीतळांवर उभी आहेत, ते शाळांच्या विश्वस्त निधीचे असून त्यांचे भाडे मिळाले पाहिजे. पुढे राज्य स्वतः त्यात पडले. मिसूरी, मॅडिसन व क्लार्क फोर्क या नद्या नौवहनयोग्य ठरवून राज्यातील न्यायालयांनी पीपीएल माँटॅना कंपनीने २००० ते २००७ या काळासाठी सुमारे ४ कोटी १० लक्ष डॉलर भाडे द्यावे, असा निवाडा दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने रद्द केला. न्यायमूर्ती अँटनी केनेडी यांनी दिलेल्या निर्णयातील तीन मुद्दे महत्त्वाचे आहेत. (१) मालकीसाठी नदीचा विचार टप्प्याटप्प्याने करावा लागतो. मिसूरीवरील ग्रेट फॉल्स येथील धबधब्यांपाशी लूइस व क्लार्क यांची तुकडी १३ जून १८०५ रोजी पोहोचली आणि सामान व काही होड्या जमिनीवरून ओढून नेऊन १५ जुलै रोजी पुढील जलप्रवासास निघाली. जेथे नदी सोडून जमिनीवरून जावे लागते, तो टप्पा सामान्यतः नौवहनयोग्य ठरत नाही, उलट त्यातून त्याची अयोग्यताच दिसते. (२) माँटेलो खटल्याचा दाखला नियमनाच्या संदर्भातील असल्याने मालकीच्या प्रश्नात तो जसाच्या तसा लागू पडत नाही. (३) आजच्या सहलींच्या होड्यांचा पुरावा ग्राह्य धरण्यापूर्वी त्या होड्या राज्यप्रवेशाच्या वेळच्या साधनांशी अर्थपूर्ण साम्य असलेल्या आहेत व नदीची स्थितीही तेव्हापासून तत्त्वतः बदललेली नाही, हे दाखविले पाहिजे. खडकांवर आपटूनही न फुटणारे आधुनिक तराफे आणि धरणांमुळे बारमाही झालेला प्रवाह यांवरून १८८९ मधील नदीचा अंदाज करता येत नाही. फेरसुनावणीत २०२३ मध्ये संघीय जिल्हा न्यायालयाने वादग्रस्त टप्प्यांपैकी सन नदीच्या संगमापासून ब्लॅक ईगल धबधब्यापर्यंतचा एकच टप्पा नौवहनयोग्य ठरविला.

नैसर्गिक स्थितीचा हा आग्रह उलट दिशेनेही लागू होतो. ॲरिझोनातील सॉल्ट नदीवरील रूझवेल्ट धरण १९११ मध्ये, म्हणजे राज्याच्या स्थापनेच्या आदल्या वर्षी पूर्ण झाले होते. कालव्यांनीही नदीचे पाणी वळविले होते. कोरड्या पात्रावरून निर्णय न करता धरणे व कालवे यांपूर्वीची नदी डोळ्यांपुढे आणली पाहिजे, असे तेथील अपील न्यायालयाने २०१० मध्ये ठरविले. राज्याच्या आयोगाने मात्र फेरविचारानंतरही ती नदी अयोग्यच मानली. यूटात याच कसोटीचे फळ वेगळे मिळाले. वेबर नदीतून नियमितपणे झालेल्या लाकडाच्या वाहतुकीचा पुरावा मान्य करून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तिचा सुमारे १.६ किमी. लांबीचा टप्पा नौवहनयोग्य ठरविला. १८९९ मध्ये रिओ ग्रँदेवरील अधूनमधून येणारे ओंडके अपुरे पडले होते. वेबरवर दर मोसमात त्याची पुनरावृत्ती होत होती, हा त्यांतील फरक होय.

राज्यांच्या विधींतील भिन्नता : तळाची मालकी संघीय विधीने ठरत असली, तरी पाण्याच्या पृष्ठभागाचा वापर करू देण्याचा अधिकार राज्यांना आहे. कॅलिफोर्नियात वल्ह्यांच्या किंवा यंत्राच्या लहान होड्यांना सहलीसाठी उपयोगी पडणारा प्रवाह जनतेस खुला असतो, असे १९७१ मध्ये फॉल नदीच्या खटल्यात ठरले. ज्या साउथ फोर्क अमेरिकन नदीच्या काठी १८४८ मध्ये सोने सापडले, तिच्यावर तराफ्यांना केलेली स्थानिक बंदी १९७९ मध्ये रद्द झाली. आयडाहोत सहा इंचांहून अधिक व्यासाचा ओंडका वाहून नेऊ शकणारा प्रवाहही सार्वजनिक वापरास योग्य मानला जातो. माँटॅनाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये डिअरबॉर्न व बीव्हरहेड नद्यांच्या खटल्यांत तळाच्या मालकीचा विचार न करता जनतेचा हक्क मान्य केला व पुढील वर्षी त्याला अधिनियमाचे रूप मिळाले. म्हणजेच भाडे मिळविण्यास असमर्थ ठरलेल्या याच राज्यात मासेमाऱ्यांचा हक्क मात्र भक्कम आहे. न्यू मेक्सिकोच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये खाजगी तळावरून चालण्याचा हक्कही सार्वजनिक ठरविला.

कोलोरॅडो राज्याची भूमिका याच्या अगदी विरुद्ध आहे. १९७९ च्या एमर्ट खटल्यात खाजगी जमिनीतून जाणाऱ्या कोलोरॅडो नदीवरून तराफ्याने जाताना तळाला स्पर्श करणाऱ्यांना अतिक्रमणाबद्दल दोषी धरण्यात आले. तळाला स्पर्श न करता केवळ तरंगत जाणे फौजदारी गुन्हा होत नाही, असे मत राज्याच्या महाधिवक्त्यांनी १९८३ मध्ये दिले. आर्कॅन्सॉ नदी १८७६ मध्ये नौवहनयोग्य असल्याने तळ राज्याचा आहे, असे म्हणणाऱ्या एका मासेमाऱ्याचा दावा २०२३ मध्ये फेटाळण्यात आला. तो हक्क असलाच, तर राज्याचा असून खाजगी व्यक्तीला त्याच्या वतीने दावा करता येणार नाही, असे कारण देण्यात आले. परिणामी १८७६ मध्ये नदी कशी होती, हा मूळ प्रश्न तसाच राहिला.

निसर्गरम्य नद्यांचा कायदा व जलप्रदूषण : २ ऑक्टोबर १९६८ च्या वन्य व निसर्गरम्य नद्यांच्या अधिनियमाने रोग, सॅमनचा मिडल फोर्क, रिओ ग्रँदे यांसारख्या आठ नद्यांच्या टप्प्यांना प्रथम संरक्षण दिले. या अधिनियमात नदीची निवड तिच्या निसर्गसौंदर्य, सहलीचे मूल्य, भूविज्ञान, मासे, वन्य जीव इत्यादी गुणांवरून होते; नौवहनयोग्यतेचा निकष त्यात नाही आणि नौवहनयोग्य प्रवाहांच्या तळावरील राज्यांचे हक्क त्याने बाधित होत नाहीत, असे त्यातच म्हटले आहे. त्यामुळे निसर्गरम्य म्हणून घोषित झालेली नदी त्या कारणाने नौवहनयोग्य ठरत नाही.

१९७२ च्या जलप्रदूषणविषयक अधिनियमाने मात्र नौवहनयोग्य जलाशयांची व्याख्या ‘संयुक्त संस्थानांचे जलाशय’ अशी व्यापक शब्दांत केली. २००६ व २०२३ च्या निर्णयांनी ती संकुचित केल्यामुळे पारंपरिक अर्थाने नौवहनयोग्य असलेल्या पाण्याशी एखाद्या प्रवाहाचा कसा संबंध आहे, याला पुन्हा महत्त्व आले. लॉस अँजेल्स नदी बऱ्याच अंशी काँक्रीटच्या पात्रातून वाहते. तरीही २००८ मध्ये काही लोकांनी कायक होड्यांतून तिचा प्रवास करून दाखविल्यानंतर २०१० मध्ये संघीय पर्यावरण संरक्षण संस्थेने ती या अर्थाने नौवहनयोग्य असल्याचे घोषित केले.

मूल्यमापन : वरील विवेचनावरून असे दिसते, की निसर्गरम्य नदीवर प्रवासी नेण्याचा व्यवसाय चालतो, एवढ्याने तिचे विधीतील स्थान निश्चित होत नाही. संघीय नियमनासाठी असा व्यवसाय नौवहनयोग्यतेचा पुरावा म्हणून सबळ ठरतो. तळाच्या मालकीसाठी तो भूतकाळाविषयीचा अप्रत्यक्ष पुरावा असून १८७६ किंवा १८८९ मधील होड्या व पाणी यांच्याशी त्याचा सांधा जुळवून दाखवावा लागतो. जनतेच्या प्रत्यक्ष वापरासाठी राज्याचा विधी पाहावा लागतो. मालकीची कसोटी काटेकोर ठेवण्याचा लाभ असा, की शंभराहून अधिक वर्षे काठची जमीन धारण करणाऱ्यांचे हक्क एकाएकी डळमळीत होत नाहीत. तिचा दोष असा, की ज्या प्रदेशात राज्यस्थापनेच्या वेळी वस्ती नव्हती व लेखी नोंदीही थोड्या होत्या, तेथे सार्वजनिक हक्क सिद्ध करणे अत्यंत कठीण होते. न सोडविलेल्या अशा प्रश्नांचा भार अखेर नदीवरील सामान्य माणसावर पडतो. नॉर्थ प्लॅट नदी कोलोरॅडोत उगम पावून उत्तरेस वायोमिंगमध्ये शिरते. वायोमिंगच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९६१ च्या निर्णयानुसार तेथे उथळ जागी उतरून होडी पुढे ढकलण्यास हरकत नाही. सीमेच्या अलीकडे कोलोरॅडोत मात्र खाजगी तळाला पाय टेकणे अतिक्रमण ठरू शकते. पाणी तेच व होडीही तीच असते. विधी मात्र सीमारेषेवर बदलतो.